सायकल कुठे लावायची? पुण्यातील दुकानदारांना आणि महापालिकेला खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील किरकोळ दुकाने, सुपरमार्केट आणि मॉल यांचे मालक व व्यवस्थापक,
तसेच मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका.

विषय : दुकानांच्या आवारात सायकल लावण्याची सोय नसल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी कोथरूडला राहतो. वयाची पन्नाशी ओलांडून बरीच वर्षे झाली आहेत आणि किराणा, भाजी, औषधे, इस्त्रीचे कपडे अशी तीन-चार किलोमीटरच्या आतली घरची सगळी कामे मी सायकलवर करतो. यात पर्यावरणाची सेवा वगैरे काही नाही. एवढ्याशा अंतरासाठी स्कूटर बाहेर काढायची, ती लावायला जागा शोधायची आणि परतताना पुन्हा गर्दीतून ओढून काढायची, त्यापेक्षा सायकल सोपी पडते, इतकेच. मात्र हा सोपेपणा दुकानाच्या दारापर्यंतच टिकतो. दारात पोहोचल्यावर सायकल लावायची कुठे, हा प्रश्न उभा राहतो आणि गेल्या अकरा वर्षांत मी जिथे जिथे खरेदीला गेलो, तिथल्या एकाही मोठ्या दुकानाकडे त्याचे धड उत्तर नव्हते.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट सांगतो. दुकानाचे नाव घेत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट तीच राहील. त्या दुकानाला तळघरात प्रशस्त वाहनतळ आहे आणि उताराच्या तोंडाशी चारचाकी डावीकडे, दुचाकी उजवीकडे अशी पाटी आहे. सायकलीलाही दोनच चाके असतात, असे समजून मी उजवीकडे वळलो, तर सुरक्षारक्षकाने शिट्टी वाजवून थांबवले. “काका, सायकल खाली न्यायची नाही.” मग कुठे लावू, असे विचारल्यावर त्याने रस्त्याच्या दिशेने मोघम हात केला. बाहेर स्कूटरींची रांग होती. त्यातल्या दोघींच्या मधल्या फटीत सायकल स्टँडवर उभी केली, मागच्या चाकाचे कुलूप लावले, साखळी बांधायला जवळपास काही नव्हते म्हणून ती तशीच कॅरिअरला गुंडाळून ठेवली आणि आत गेलो.

पाऊण तासाने पाच किलो कणीक, दोन किलो साखर, डझनभर अंडी आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेर आलो, तेव्हा सायकल जागेवर नव्हती. चोरीला गेली नव्हती. कुणीतरी आपली स्कूटर काढताना ती उचलून सहा-सात फुटांवरच्या झाडाच्या आळ्यात आडवी केली होती आणि नंतर आलेल्या एका स्कूटरचे चाक तिच्यावर टेकले होते. मडगार्ड चेपून टायरला घासत होते आणि पुढचे चाक इतके आउट झाले होते की ब्रेकच्या रबरात अडकून ते फिरेनाच. कणीक-साखर कॅरिअरला बांधून, अंड्यांची पिशवी मनगटाला अडकवून आणि पुढचे चाक वर उचलून धरत मी सायकल घरापर्यंत ढकलत नेली. अंडी शाबूत राहिली. चाकाचा आउट काढायला कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला मात्र अर्धा तास लागला आणि त्याने हे काम करता करता, “काका, आता स्कूटरच घ्या,” असा सल्ला फुकट दिला.

माझी तक्रार त्या सुरक्षारक्षकाविषयी नाही. त्याला जे सांगितले गेले होते, ते त्याने केले. पण आळ्यातून सायकल उचलताना मला इमारतीच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीमागे, एक काळी जुनी सायकल दिसली. डबल स्टँडवर उभी, पाण्याच्या पाइपाला साखळीने बांधलेली आणि हँडलला डब्याची पिशवी अडकवलेली. तिच्या शेजारी आणखी दोन होत्या. त्या कुणाच्या, असे विचारले तेव्हा तो जरा ओशाळून म्हणाला, “आमच्या. स्टाफच्या.” म्हणजे दुकानात सायकलवर येणारी माणसे आहेत, त्यांच्या सायकली उभ्या राहतील एवढी जागाही आवारात आहे आणि ती त्यांची त्यांनी शोधून घेतली आहे. फक्त ग्राहक सायकलवर येऊ शकतो, ही गोष्ट दुकानाच्या नकाशात नाही.

दुकानदार मंडळींना माझे मुख्य सांगणे याच बाबतीत आहे. आपण ग्राहकाच्या सोयीचा किती बारकाईने विचार करता, हे मी दर आठवड्याला पाहतो. पिशवी आत न्यायची नसते, तर तिच्यासाठी खण असतात आणि क्रमांकाचे टोकन मिळते. ट्रॉल्या इकडे तिकडे पडू नयेत म्हणून दारालगत पाइपचा कठडा केलेला असतो. काही ठिकाणी विजेवरच्या गाड्या चार्ज करण्याची सोयही आता झाली आहे. ग्राहक पायी आला, स्कूटरवर आला किंवा मोटारीतून आला, तर त्याचे काय करायचे ते ठरलेले असते. सायकलवर आलेल्या माणसाचे काय करायचे ते ठरलेले नाही आणि जे ठरलेले नाही त्याला दारावरचा माणूस ‘नाही’ म्हणतो, कारण ‘हो’ म्हटल्यावर काही बिघडले तर बोलणी त्याला खावी लागतात.

‘सायकलवर येतातच कितीजण?’ असे मला एका व्यवस्थापकांनी शांतपणे विचारले होते. प्रश्न वाजवी आहे, पण तो विचारण्याची जागा चुकली आहे. ज्या दाराशी सायकल लावता येत नाही, तिथे उभे राहून सायकली मोजल्या तर त्या थोड्याच भरणार. माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांकडे चांगल्या सायकली आहेत. ते पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन येतात, आणि नऊ वाजता दूध-पाव आणायला स्कूटर काढतात. चाळीस किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला दीड किलोमीटर जड जात नाही. पण फेरफटक्यात सायकल नजरेआड करावी लागत नाही आणि खरेदीत करावी लागते, एवढाच काय तो फरक आहे. शिवाय सायकलवर येणारे सगळेच असे हौशी नसतात. घरकाम करणाऱ्या बाया, रात्रपाळी संपवून घरी चाललेले वॉचमन, बांधकामावरचे मजूर, शाळेतली मुले हेही तेल, साखर, साबण विकत घेतात. त्यातल्या कित्येकांच्या घरात सायकल हे एकच वाहन असते आणि ते चोरीला गेले तर दुसऱ्या दिवशीच्या कामाची पंचाईत होते. असा माणूस सायकल रस्त्यावर सोडून अर्धा तास तुमच्या दुकानात रेंगाळणार नाही. तो टपरीवजा दुकानाच्या फळीशी उभा राहून, एक पाय पायडलवर ठेवूनच सामान घेईल आणि निघेल. लहान दुकानदाराची ही कमाई आहे आणि त्याबद्दल मला आनंदच आहे. पण मोठ्या दुकानांनी ती आपल्या हाताने सोडून दिली आहे, हे त्यांच्या लक्षात यावे.

आता सोय म्हणजे नेमके काय, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण काही ठिकाणी सोय केली गेली आणि तिचा उपयोग शून्य झाला, असेही मी पाहिले आहे. आपल्याकडे सायकलचा स्टँड म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो जमिनीलगतचा लोखंडी सांगाडा, ज्याच्या खाचेत पुढचे चाक घालायचे असते. दिसायला तो व्यवस्थित असतो आणि ठेकेदाराला एका तुकड्यात आणून ठेवता येतो. पण त्यात सायकलचा सगळा तोल पुढच्या चाकाच्या खालच्या भागावर येतो. शेजारची सायकल काढताना जरा धक्का लागला, की सायकल कलते, तारांवर ताण येतो आणि रिम वाकते. हल्लीच्या जाड टायरची चाके त्या खाचेत जातच नाहीत, लहान मुलांच्या सायकली नीट बसत नाहीत आणि कुलूप लावायचे तर ते फक्त पुढच्या चाकाला लागते, जे आजकालच्या पुष्कळ सायकलींमध्ये हाताने खटका फिरवून निघते. म्हणजे परत आल्यावर चाक जागेवर मिळेल, सायकल मिळेलच असे नाही.

उपयोगी पडतो तो उलट्या ‘यू’ आकारात वाकवलेला साधा पाइप. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे नाव त्याला पडले आहे, पण त्यात विलायती असे काही नाही. कोणताही फॅब्रिकेशनवाला तो वाकवून देईल. जमिनीवर साधारण पाऊण मीटर उंची, जवळजवळ तेवढीच किंवा थोडी जास्त लांबी आणि दोन्ही पाय काँक्रीटमध्ये पक्के गाडलेले, एवढाच त्याचा कारभार. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक सायकल टेकून उभी राहते, सायकलची फ्रेम आणि चाक दोन्हींमधून साखळी घालता येते आणि सायकल वाऱ्याने किंवा धक्क्याने पडत नाही. सामान लादताना सायकल पडत नाही, ही गोष्ट ज्याने एका हाताने हँडल सावरत दुसऱ्या हाताने कॅरिअरला दहा किलोंची पिशवी बांधली आहे, त्यालाच कळेल. असे दोन पाइप एकमेकांपासून सुमारे एक मीटरवर बसवावेत, नाहीतर हँडले एकमेकांत अडकतात. भिंतीला अगदी खेटून बसवू नयेत, नाहीतर पुढचे चाक कुठे जाणार? एका मोटारीसाठी साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. तेवढ्या जागेत आठ ते दहा सायकली सुखाने उभ्या राहतात. खर्चाचा अंदाज हवा असेल तर ज्या कारागिराने ट्रॉल्यांचा कठडा केला, त्यालाच विचारावे. पाइपही तोच आणि वेल्डिंगही तेच.

जागा निवडताना मात्र हात आखडता घेऊ नये. सायकलची जागा दाराच्या टप्प्यात, सुरक्षारक्षकाच्या नजरेत आणि शक्य तर सज्जाखाली असावी. तळघराच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी दिलेली जागा चोराच्या सोयीची ठरते, आणि पावसाळ्यात ओल्या उतारावरून सायकल धरून खाली जाणे साठीतल्या माणसाला झेपत नाही. दुसरे असे की, पाइप बसवल्यानंतर महिनाभरात त्यांच्यामध्ये स्कूटर लागलेल्या दिसतील. पुण्यात राहून याची कल्पना नसणे शक्य नाही. त्यासाठी त्या जागेच्या तोंडाशी एखादा खांब रोवावा, किंवा जागाच पायरीभर उंचावर घ्यावी.

टाकून दिलेल्या सायकलींची अडचण खरी आहे. सोसायट्यांच्या वाहनतळांत वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या, टायर चिरलेल्या सायकली आपण सगळेच पाहतो आणि दुकानांनाही तीच भीती वाटते. पण त्याला उपाय आहे. महिन्यातून एकदा न हललेल्या सायकलींना तारखेची चिठ्ठी बांधावी, पंधरा दिवसांनी त्या हलवाव्यात आणि तशी सूचना फलकावर आधीच लिहावी. राहता राहिली जबाबदारी. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर लावावीत’ ही पाटी मोटारींसाठी असतेच, ती सायकलींनाही चालेल. आम्हाला पहारा नको आहे. साखळी घालायला काहीतरी पक्के हवे आहे.

ज्या पुण्यात एवढे लिहावे लागते, ते कधीकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, हे सर्वांना ठाऊक आहे. जुन्या आठवणी काढून गहिवरण्याचा मला कंटाळा आहे. कर्वेनगरला जुन्या सायकलींचे सुंदर संग्रहालय आहे, ज्यांना गहिवरायचे असेल त्यांनी तिथे जावे. पण त्या काळातली एक गोष्ट इथे कामाची आहे. चित्रपटगृह असो, मंडई असो की स्टेशन, सायकल स्टँड ही तिथली ठरलेली सोय होती. हँडलला पत्र्याचा एक बिल्ला अडकवला जाई, त्याचा जोडीदार आपल्या हाती येई आणि चार पैसे देऊन माणूस निर्धास्तपणे आत जाई. त्या वेळी रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळे मार्ग नव्हते, तरी सायकली होत्या. आज उलट झाले आहे. २००६ च्या अखेरीस कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठीचा राखीव मार्ग, सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने सायकल मार्ग आखले गेले. पुढे जंगली महाराज रस्त्याच्या नूतनीकरणातही सायकलसाठी पट्टा आला. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच महिन्यात भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. त्या काही वर्षांत दिसेनाशा झाल्या त्याला कारणे पुष्कळ असतील, पण त्यांच्या भर दिवसांतही त्या पदपथावर, झाडाखाली, कुणाच्या तरी फाटकासमोर उभ्या असत आणि लोक चिडून त्या बाजूला फेकत, हे मी रोज पाहिले आहे. सगळा विचार सायकल चालेल कुठून याचा झाला. घरगुती सायकल मात्र दिवसातला तासभर चालते आणि तेवीस तास उभी असते.

म्हणून, आयुक्त महोदय, आता आपल्याकडे वळतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्याला महत्त्व द्यावे, असे म्हटले आहे आणि महापालिकेचा आराखडाही त्याच वाटेने जाणारा आहे. त्या आराखड्यात मार्गांबरोबर सायकल लावण्याच्या जागांचाही विचार आहे. त्याची अंमलबजावणी सर्वांत स्वस्तात कुठे होऊ शकते, तर ती दुकानांच्या दारात. नवीन व्यापारी इमारतीचे नकाशे आपल्याकडे मंजुरीला येतात, २०२० पासून मुंबई आणि काही भाग वगळता राज्यात लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनुसार तपासले जातात आणि शेवटी भोगवटा पत्रही आपणच देता. ते देण्याआधी जागेवर जाणाऱ्या अभियंत्याने एवढेच पाहावे की सायकल बांधता येईल अशी पक्की सोय प्रवेशद्वाराजवळ आहे की नाही. ती नियमात बसवण्यासाठी राज्य शासनाकडे काही मागावे लागत असेल, तर ते आपण मागावे. कागदावर रंगवलेल्या चौकटी पुरेशा नाहीत. वापर सुरू झाल्यावर अशा चौकटींचे काय होते ते शहरातल्या कोणत्याही संकुलात, जिथे नकाशात वाहनतळ आहे आणि प्रत्यक्षात गोदाम आहे, तिथे जाऊन पाहता येईल.

जुन्या दुकानांना सक्ती करून उपयोग नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या दहा फुटी दुकानाने सायकलसाठी जागा आणायची कुठून? तिथे रस्त्यावरची जागा महापालिकेचीच आहे. पी-१, पी-२ च्या सम-विषम तारखांप्रमाणे रस्त्याच्या एकेका कडेला वाहने लागतात, त्या पट्ट्यातली दर दोनशे-तीनशे मीटरवर एका मोटारीएवढी जागा दोन्ही बाजूंना कायमची सायकलसाठी राखून तिथे पाइप रोवावेत. ही जागा मोटारींच्या पट्ट्यातूनच घ्यावी, पदपथातून घेऊ नये. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला आधीच जे थोडे उरले आहे, त्यात आम्हाला वाटा नको. मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने पार्किंगचे धोरण मंजूर केले, तेव्हा रस्त्यावर वाहन लावण्याचे मोल असते हे तत्त्व महापालिकेने स्वीकारलेच होते. त्या हिशोबाने दहा ग्राहकांना एका मोटारीची जागा देणे व्यापाऱ्यांनाही परवडणारे आहे.

मोठ्या दुकानांना थोडे गूळ-खोबरे द्यायलाही हरकत नाही. सौर ऊर्जा, गांडूळ खत, पावसाचे पाणी साठवणे यांसाठी महापालिका घरांना मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. सायकलची पक्की सोय करून ती वर्षभर चालू ठेवणाऱ्या दुकानाला त्याच धर्तीवर अगदी नावापुरती सूट दिली, तरी व्यवस्थापकाला वरच्या कार्यालयाकडे मागणी करायला एक कारण मिळेल. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांचे ‘आमच्या हातात नाही, मुंबईहून मंजुरी लागते’ असेच उत्तर होते, आणि ते खरेही असावे.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली लावता येतात, हे उदाहरण अशा चर्चेत कुणीतरी हमखास देतो आणि मग ‘ते तिकडे, आपल्याकडे कसे शक्य आहे’ म्हणून विषय संपतो. मी ते उदाहरण देत नाही. मी आठ सायकलींची जागा मागतो आहे, म्हणजे चार पाइप.

ज्या दुकानाची गोष्ट वर सांगितली, तिथे मी अजूनही जातो, कारण तिथली ज्वारी चांगली असते. आता सायकल जनरेटरच्या खोलीमागे, स्टाफच्या सायकलींच्या रांगेत लावतो. सुरक्षारक्षक बघून न बघितल्यासारखे करतो. प्रवेशद्वाराच्या डाव्या हाताला, ट्रॉल्यांच्या कठड्यापलीकडे, सज्जाखाली जी मोकळी फरशी आहे, ती मी पावलांनी मोजली आहे आणि तिथे चार पाइप कुणाच्याही वाटेत न येता बसतात. व्यवस्थापकांना स्वतः पाहायचे असेल तर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी तिथे असतो. मोजपट्टी घेऊन येईन.

आपला विश्वासू,
सायकलवर येणारा एक ग्राहक
कोथरूड, पुणे